दहा बाय दहाच्या खोलीतला एकटेपणा

कार्यकर्ता : एक आक्षेप आधीच नोंदवतो. टाळेबंदीवर जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्यात एकटेपणाचा उल्लेख इतक्या वेळा आला की साऱ्या देशाने ते महिने एकेका खोलीत एकट्याने काढले असं वाटावं. 2011च्या जनगणनेनुसार या देशातली सुमारे 37 टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. धारावी म्हणजे दोन-अडीच चौरस किलोमीटर जागा आणि आठ-दहा लाखांची वस्ती. तिथे 1 एप्रिल 2020 रोजी पहिला रुग्ण सापडला आणि लोकांना सांगण्यात आलं, घरात थांबा, अंतर ठेवा. कुणी कुणापासून अंतर ठेवायचं? त्या वस्त्यांमध्ये माणसाला घटकाभरही एकटं बसता येत नव्हतं, हे तिथलं दुःख होतं. आणि ज्यांना घरच नव्हतं ते चालत निघाले. 24 मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ जे सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून रुळांवरून चालत आले होते, पुढे कुठेतरी गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने. त्यांना मजुरी हवी होती, गाडी हवी होती. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सांगत होत्या, दिनचर्या आखा, जुन्या मित्रांना फोन करा, एखादा छंद जोपासा. मला त्या सल्ल्यांचा आजही राग येतो. ज्याच्याकडे घर होतं आणि पगार चालू होता, त्याच्या कंटाळ्याला आजाराचं स्थान मिळालं. आणि ज्याची रोजी गेली त्याच्या हालांनाही आपण तेच नाव देऊन मोकळे झालो.

समुपदेशक : तुमचा राग मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. एका खोलीत सात माणसं राहतात म्हणून त्यांतलं कुणी एकटं नसतं, हे कशावरून? त्या काळात मी हेल्पलाइनवर फोन घेत होते. बायकांचे फोन बहुधा न्हाणीघरातून यायचे, नळ सोडून ठेवलेला असायचा. नाहीतर जिन्यातून, गच्चीवरून, दबक्या आवाजात. मध्येच फोन बंद व्हायचा, कारण कुणीतरी आलेलं असायचं. घरात माणसं भरपूर होती, पण मन मोकळं करावं असं कुणी नव्हतं. आणि असतं तरी बाकीच्यांच्या कानाआड बोलायला जागा नव्हती. राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल 2020मध्ये छळाच्या तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला. ज्याची तक्रार करायची तो माणूस चोवीस तास शेजारी बसलेला असताना बोलणार तरी कसं?

शिकागो विद्यापीठातले जॉन कॅचिओपो यांनी एकटेपणावर अनेक वर्षं संशोधन केलं. ते एकटेपणाची तुलना भुकेशी करत. जगायला लागणारं काहीतरी कमी पडतंय, अशी शरीराने दिलेली ती सूचना आहे. भोवती किती माणसं आहेत याच्याशी तिचा संबंध थोडाच असतो. हवी असलेली सोबत आणि मिळणारी सोबत यांत अंतर पडलं की ती सुरू होते. झोप तुटते, माणूस सावध आणि संशयी होतो, समोरच्याच्या साध्या बोलण्यातही त्याला आधी धोका ऐकू येतो. हे दहा बाय दहाच्या खोलीत महिनोन् महिने चाललं तर काय होईल? तुम्ही गर्दी म्हणताय, मी एकटेपणा म्हणतेय, आणि दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आले होते.

आता तिला हवी असलेली सोबत एरवी कुठे मिळत होती ते सांगते. मुंबईत ती लोकलच्या बायकांच्या डब्यात मिळत होती. रोज त्याच गाडीला, त्याच दाराशी भेटणाऱ्या बायका भाजी निवडता निवडता सासूपासून गर्भपातापर्यंत सगळं बोलतात, कारण डब्यातल्या मैत्रिणीचा घरच्या कुणाशी संबंध नसतो. ती ऐकते आणि आपल्या स्टेशनला उतरते. मार्च 2020मध्ये ती गाडी थांबली. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, पण बाकीच्या बायकांना तिच्यात पाऊल टाकायला ऑक्टोबर उजाडला, आणि तेही गर्दीच्या वेळा सोडून. म्हणजे ज्या ठरलेल्या गाडीच्या मैत्रिणी होत्या, ती गाडी मिळालीच नाही.

कार्यकर्ता : ताई, हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. डबा बंद झाला, टपरी बंद झाली, नाक्यावरचा कट्टा, देवळाचा ओटा, वाचनालयातला पेपरचा कोपरा, ज्येष्ठ नागरिक संघाची संध्याकाळची बैठक, सगळं बंद झालं. त्या वर्षी आषाढीला पालख्यासुद्धा पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.च्या बसने पंढरपूरला नेल्या. कितीतरी शेतकरी बायकांना वर्षाकाठी घराबाहेर पडून स्वतःच्या मर्जीने चालायला मिळतात ते तेवढेच दिवस. या बायकांच्या मनात काही बिघडलं नव्हतं, त्यांच्या जागा गेल्या होत्या. मग इलाज मनावर का करायचा? तुमच्या शास्त्राबद्दल माझी तक्रार हीच आहे. समाजात जे मोडतं त्याची नोंद ते माणसाच्या आत करतं.

आकडेही तसेच वापरले गेले. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य 25 टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022मध्ये जाहीर केलं. ‘लॅन्सेट’मध्ये 2021 साली आलेल्या अभ्यासाचे आकडेही त्याच सुमाराचे होते. त्यात अंदाज 204 देशांचा आहे, पण निकषांत बसलेली माहितीची साधनं फक्त 48, आणि त्यांतली बहुतेक पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या श्रीमंत देशांतली. करमाडच्या रुळांवरून चालणाऱ्याला कुणी प्रश्नावली दिली नव्हती. दुसरीकडे, 21 देशांतल्या आत्महत्यांचा एक अभ्यास झाला. हे देश श्रीमंत किंवा बऱ्यापैकी सुस्थितीतले होते. 2020च्या एप्रिल ते जुलैमध्ये तिथे एकंदरीत वाढ दिसली नाही, आणि सरकारांनी दिलेली आर्थिक मदत हे त्याचं एक कारण असू शकेल, असं संशोधकांनी म्हटलं. आपल्याकडे काय झालं? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात 2019मध्ये 1,39,123 आत्महत्या आहेत, 2020मध्ये 1,53,052 आणि 2021मध्ये 1,64,033. 2020च्या आकड्यात जवळजवळ चौथा हिस्सा रोजंदारीवरच्यांचा होता. महाराष्ट्राचा आकडा दरवर्षी सगळ्यांत मोठा. मला यात खिसा रिकामा झालेला माणूस दिसतो. त्याच्या खात्यात सहा महिने मजुरी जमा झाली असती, तर तुमच्या हेल्पलाइनची गरज किती उरली असती?

समुपदेशक : मजुरी जमा व्हायला हवी होती. यावर आपल्यात मतभेद नाही आणि तो आहे असं भासवून आपण वेळ घालवू नये. पण आकड्यांकडे तुम्ही जितक्या सावधपणे बघायला सांगता, तितक्याच सावधपणे तुम्हीही बघा. 2017 सालचा आकडा 1,29,887 होता. चढण महासाथीच्या आधीच सुरू झाली होती. पोलिसांच्या नोंदीत कारण म्हणून एखादी ओळ लिहिली जाते आणि 2020च्या नोंदींत जवळपास एक तृतीयांश ठिकाणी ती ओळ आहे कौटुंबिक समस्या. त्या दोन शब्दांत कर्ज असतं, दारू असते, मार असतो, आणि कुणाला काही सांगता न येणंही असतं. एकाच वेळी नोकरी गेलेल्या दोघांपैकी एक तरतो आणि दुसरा तरत नाही. या दुसऱ्याचा विचार तुमच्या हिशेबात कुठे बसतो?

आणि ज्याला मजुरी पुरी पडत नाही असं एक दुःख मी तुमच्यापुढे ठेवते. एप्रिल-मे 2021. अधिकृत नोंदीप्रमाणे महासाथीत महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 48 हजार माणसं गेली. प्रत्येकामागे एक घर होतं. आपल्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. दहा-बारा दिवस माणसं येत राहतात. येऊन काही फार बोलत नाहीत. ‘कसं झालं?’ एवढं विचारतात, आणि घरातलं माणूस तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगतं. रात्री जेवले, झोपले, पहाटे हाक मारली तर उठले नाहीत. ती हकीकत वीसदा, पन्नासदा सांगून होते. पहिल्यांदा सांगताना बाई कोसळते. दहाव्या दिवशी तिला ती सलग सांगता येते. मी इतकी वर्षं हे काम करते आहे. दुःख घडलेल्या गोष्टीत रूपांतरित होण्यासाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही.

2021 साली ती रीत थांबली. नवऱ्याला रुग्णवाहिकेत बसवताना पाहिलं ते शेवटचं. नंतर एक फोन आला. अंत्यसंस्काराला वीस माणसांची परवानगी होती, पण घरच्यांनाच विलगीकरणात ठेवलेलं असायचं, मग अग्नी द्यायला पालिकेचे कर्मचारी. चेहरा पाहायला मिळाला नाही. दहाव्याला कुणी आलं नाही. भेटायला येणारे बंद झाले आणि दाराला लावलेल्या विलगीकरणाच्या कागदामुळे शेजारीही वळेनात. बाईला ‘कसं झालं?’ असं विचारणारं कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिला माहीत नव्हतं, कारण ती तिथे नव्हती. हे काही बाथरूममधून पाच मिनिटांत बोलण्यासारखं आहे का? तिच्या खात्यात कितीही पैसे जमा केले असते, तरी याचं काय केलं असतं तुम्ही?

कार्यकर्ता : याचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त जे पाहिलं ते सांगतो. मृतांच्या वारसांना 50,000 रुपये द्यायचं ठरलं, त्याचे अर्ज भरून द्यायचं काम आमच्या तालुक्यात आम्ही केलं. कोरोनात नवरा गेलेल्या बायकांसाठी महाराष्ट्रात एकल महिला पुनर्वसन समितीचं कामही तेव्हा उभं राहत होतं. तर त्या अर्जांसाठी तरुण बायका यायच्या, पंचविशी-तिशीतल्या, पदराला मूल. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट लिहिलेलं नसायचं, मग पुन्हा खेप. कचेरीच्या व्हरांड्यात तीन-तीन तास बसायचं. आणि त्या व्हरांड्यात त्या एकमेकींना विचारायला लागल्या, तुझ्याकडे कसं झालं? तुम्ही आता सांगितलं तसंच. अर्ज मंजूर झाल्यावरही काही जणी ठरवून एकत्र भेटत राहिल्या. आम्ही काही योजलं नव्हतं. कुणी समुपदेशक नव्हता. पण कागदाचं निमित्त नसतं तर त्या घरातून निघाल्या नसत्या, आणि सासरच्यांनी सोडलंही नसतं. म्हणून मी म्हणतो की आधी हक्काचं, पोटाचं काम उभं करा. बोलणं त्याच्या आधाराने होतं.

शिवाय दुःखाला आजार म्हणण्याची मला भीती वाटते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली निदानाच्या पुस्तकात लांबलेल्या शोकाचा विकार घातला. मोठ्या माणसाला वर्ष उलटल्यावरही शोक तसाच तीव्र राहिला आणि जगणं अडलं, तर तो विकार. ज्या बाईला नवऱ्याचा चेहरा पाहायला मिळाला नाही, तिच्या शोकाची मुदत कुणी मोजायची?

समुपदेशक : मुदत मोजू नये, हे मान्य. पण व्हरांड्यातल्या त्या बायकांतली एखादी पुढच्या वेळी आली नसेल. तिसऱ्या वेळीही आली नसेल. तिने खाणं सोडलं असेल, मुलाला शेजारणीकडे ठेवून झोपून राहत असेल. ती आपोआप येणार नाही. नैराश्याचा गुण असा, की ज्या गोष्टीने बरं वाटेल त्याच गोष्टीकडे पाय उचलत नाही. तिला पाहून ‘हे नुसतं दुःख नाही’ असं ओळखणारं कुणीतरी हवं. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून दाखवलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवडे शिकवलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलायला लावलं. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्येच छापले गेले. नेहमीच्या उपचारांपेक्षा या बोलण्याने अधिक माणसं सावरली. त्या भेटींत काय होतं? पूर्वी तुम्ही काय काय करत होतात आणि आता काय सुटलंय, हे विचारायचं. देवळात जाणं, बहिणीला भेटणं, बाजारात जाणं. मग त्यातली एक छोटी गोष्ट पुन्हा सुरू करायची. ती जमली की दुसरी. मन ठीक झाल्यावर बाहेर पडू असं म्हणायचं नाही, बाहेर पडता पडता मन ठीक होतं. आता लक्षात घ्या, टाळेबंदीने नेमक्या याच गोष्टींना मनाई केली होती. नैराश्यावरचा जो उपाय गोव्यात गावोगाव सिद्ध झाला, तोच त्या वर्षी नियमभंग ठरला. तुम्ही म्हणता तशा जागा गेल्या होत्या, हे खरं. पण जागा परत मिळाल्यावरही तिथवर पोचू न शकणारी माणसं उरतात. मला त्यांच्यासाठी माणूस हवा आहे.

कार्यकर्ता : तो माणूस कोण? एका अंदाजानुसार देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकही पुरता भरत नव्हता, 0.75 होते. मग सगळं येतं आशाताईंवर. गावात दार वाजवणारी तीच. सप्टेंबर 2020मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली, घरोघरी ताप आणि ऑक्सिजन कुणी मोजला? आशांनी. त्यांना पगार नाही, मानधन. जून 2021मध्ये त्या संपावर गेल्या. स्वतःच्या घरात आजारपण, बाहेर लोक दारात उभं करत नव्हते, सारखी भीती. आता त्यांना गावाचं दुःखही ऐकायला सांगणार? त्यांचं कोण ऐकणार? एकाकी माणसांचा भार दुसऱ्या थकलेल्या माणसांवर फुकट टाकायचा आणि त्याला समाजाचा आधार म्हणायचं, हे मला मान्य नाही.

समुपदेशक : फुकट मलाही मान्य नाही. पगार द्या, शिकवा, आणि त्यांच्या पाठीशी एक जाणकार माणूस उभा करा. गोव्यातही सल्लागारांवर देखरेख होती, त्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या जायच्या. त्याशिवाय ते काम टिकलं नसतं. ऑक्टोबर 2022पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस सुरू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मी लोकांना तो नंबर सांगते. पण तो पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही.

आता मी तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारते. एप्रिल 2021मध्ये तुमच्या हातात अधिकार असता, तर स्मशानात वीसच्या जागी दोनशे माणसं येऊ दिली असती का? दहाव्याला घर भरू दिलं असतं? तुम्ही जागा परत द्या म्हणता. त्या जागांतूनच आजार पसरत होता.

कार्यकर्ता : दोनशे नाही. घर भरू दिलं नसतं. पण घरच्या दोन माणसांना संरक्षक पोशाख देऊन चेहरा पाहू दिला असता. शाळेचं मैदान रोज तासभर उघडलं असतं, अंतरावर खुर्च्या टाकून, ज्यांच्याकडे कुणी गेलं आहे त्यांच्यासाठी. मोकळ्या हवेत धोका कमी हे तोवर माहीत झालं होतं. आपण बागासुद्धा बंद ठेवल्या आणि पासष्टीच्या वरच्या माणसांना महिनोन् महिने दाराबाहेर पडू दिलं नाही. कुणी हिशेब मांडून ते ठरवलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे बंद करण्याची सवय जुनी आहे. 1897चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये जन्माला आला. तेव्हाही लोकांना सगळ्यांत जास्त राग होता तो रुग्णाला घरच्यांपासून तोडून छावणीत नेण्याचा. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणत होत्या आणि त्यातच त्या गेल्या. सव्वाशे वर्षांनी आपण तोच कायदा बाहेर काढला, जोडीला 2005चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. कोंडलेल्या माणसाची विचारपूस कुणी करायची, हे दोन्हींपैकी एकातही लिहिलेलं नाही.

समुपदेशक : मग ते लिहू. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात बोटी असतात, तंबू असतात, धान्य असतं. त्यात आणखी एक नोंद घालायची झाली, तर माझी मागणी अशी : दर पाच हजार वस्तीमागे ऐकायला शिकलेला एक पगारी माणूस. घरात एकट्याने राहणाऱ्यांची यादी, आणि घरात मृत्यू झालेल्यांची यादी, त्याच्याकडे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक दाराशी जायचं आणि कसं झालं, असं विचारायचं.

कार्यकर्ता : माझी मागणी : प्रत्येक वॉर्डात शेवटपर्यंत उघडं राहील असं एक मोकळं मैदान, आणि काम बंद पडलेल्या प्रत्येकाच्या खात्यात बंदीच्या पहिल्या दिवसापासून मजुरी.

समुपदेशक : आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असले तर?

कार्यकर्ता : तर मजुरी.

समुपदेशक : ज्या घरात माणूस गेलाय, त्या घरातही?

कार्यकर्ता : त्या घरात... तिथे मला आधी दाराशी जावं लागेल. पण असं घर कोणतं, हे मला कुणी सांगायचं? तुमचा माणूस नसेल, तर मला ते कळणारही नाही.

समुपदेशक : आणि मजुरी नसेल, तर माझ्या माणसाला ती बाई दार उघडणार नाही. मीही नसतं उघडलं.